गोरेपणाची सवलत: मराठी वाचनगट कसा सुरू करावा

अमेरिकेतल्या मराठी घरांत वंशभेदाचा विषय साधारण दोन वेळा निघतो. एकदा विमानतळावर नेमकं आपल्यालाच रांगेतून बाजूला घेतलं म्हणून, आणि एकदा घर शोधताना कुणी जुना रहिवासी आवाज खाली आणून ‘तो भाग जरा तसाच आहे हो’ म्हणाला म्हणून. पहिल्या वेळी आपण आठवडाभर धुमसतो. दुसऱ्या वेळी मान डोलावतो आणि यादीतलं ते गाव खोडून टाकतो. दोन्ही वेळचा माणूस एकच असतो. त्याला एका खोलीत बसवायचं, समोर चार छापील पानं ठेवायची आणि ती मोठ्याने वाचायला लावायची, एवढंच आमच्या वाचनगटाचं काम आहे. मध्य न्यू जर्सीत आम्ही काही जण तो चालवतो. दोनदा मोडला, तिसऱ्यांदा टिकला. कुणाला आपल्या गावात असं काही सुरू करायचं असेल तर आमच्या मोडतोडीचा उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

माणसं जमवताना

सहा ते नऊ जण पुरे. दहाव्या माणसाबरोबर भाषण सुरू होतं, हा अनुभव आहे. मंडळाच्या गणपतीत ‘परिसंवाद’ म्हणून हा विषय घालायचा मोह होईल, तो टाळा. तिथे माईक असतो, अध्यक्ष असतात, आणि मागे मुलांच्या नाचाची तयारी चाललेली असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहनही टाकू नका. चाळीस अंगठे आणि तीन माणसं, हा आमचा पहिल्या खेपेचा हिशेब. एकेकाला फोन करा आणि नेमकं सांगा: ‘महिन्यातून एक रविवार, दोन तास, चार पानं. घरून वाचून यायचं नाही, तिथेच वाचू.’ शेवटचं वाक्य विसरू नका. दुसऱ्यांदा आमचा गट मोडला तो एका जाडजूड पुस्तकापायी. ज्यांचं वाचून झालं नव्हतं त्यांनी आधी येणं टाळलं, मग फोन उचलणं टाळलं.

माणसं निवडताना वय पाहा. सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेलं कुणी, अलीकडे एच-वन-बी व्हिसावर नोकरीला आलेलं कुणी आणि इथेच जन्मलेलं कुणी, असे तिन्ही हवेत. तिघांची अमेरिका वेगळी आहे. इथे वाढलेल्या मुलांचं मराठी अडखळतं. ती इंग्रजीत घसरली तर घसरू द्या. ‘तो पोलीस आली’ असं कुणी म्हणालं की सगळी मावशी-मंडळी व्याकरण दुरुस्त करायला धावतात आणि पोलिसाचं काय झालं ते राहूनच जातं.

दोन गोष्टी करू नका. ऑफिसमधल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला ‘जरा येऊन आम्हाला समजावून सांग’ म्हणून बोलवू नका. आयुष्यभर हेच काम त्याच्या गळ्यात पडत आलेलं असतं, तेही फुकट. आणि गटात कुणाचा गोरा जावई किंवा गोरी सून असेल तर तिला समस्त गोऱ्यांची प्रतिनिधी करू नका. आमच्याकडे एकदा असं झालं. सगळे तिच्याकडे वळून एकदम गोड इंग्रजी बोलायला लागले, आणि खोलीतलं खरं बोलणं तिथेच थांबलं. ती यायला तयार असेल तर जरूर यावी. पान तिनेही वाचावं, आपल्यासारखंच.

जागा: सार्वजनिक ग्रंथालयाची खोली. बहुतेक गावांत ती फुकट मिळते, आधी नाव नोंदवावं लागतं. घरी बैठक ठेवली की यजमानीण स्वयंपाकघरात अडकते आणि पुढच्या महिन्याची यजमानीण साबुदाणावड्यांची चुरस लावते. थर्मासमध्ये चहा, डब्यात चिवडा. यापुढे जाऊ नका.

पहिली बैठक फक्त शब्दांची

घाईने लेख वाचायला घेऊ नका. एक मोठा कागद भिंतीला लावा आणि ‘रेस’ला मराठीत काय म्हणाल ते विचारा. वंश, वर्ण, रंग असे तीन शब्द लगेच येतात, आणि तिन्ही चपलांसारखे कुठे ना कुठे चावतात. ‘वंश’ म्हटलं की वंशावळ आणि वंशाचा दिवा आठवतो. ‘वर्णद्वेष’ आपण सर्रास म्हणतो, पण त्या ‘वर्णा’त चातुर्वर्ण्य आधीपासून मुक्काम ठोकून आहे. ‘रंग’ म्हटलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मग आपल्यातही आहेच की, स्थळं बघताना गोरी मुलगीच लागते.’

हा घोटाळा तिथेच सोडवा, नाहीतर तो सहा महिने पाय ओढत राहतो. लग्नाच्या जाहिरातीतलं ‘गोरी’ हे कातडीचं वर्णन आहे. अमेरिकेतलं ‘व्हाइट’ हा कायद्याने पाडलेला गट आहे. १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्यात परक्या देशातून आलेल्या कुणाला नागरिक करून घ्यायचं याची अट लिहिली आहे, आणि तिथे ‘फ्री व्हाइट पर्सन’ हे शब्द आहेत. पुण्यातली घाऱ्या डोळ्यांची, दुधासारखी गोरी मुलगीही त्या रकान्यात बसत नव्हती. ते कसं ठरलं त्याची गोष्ट पुढे येते.

मग ‘प्रिव्हिलेज’. शब्दकोशात ‘विशेषाधिकार’ मिळेल, पण तो विधानसभेच्या समितीसारखा वाटतो. कुणीतरी ठराव करून दिल्यासारखा. आमच्या कागदावर बराच वेळ खाडाखोड झाली. मग एका बाईंनी ‘सवलत’ लिहिलं आणि खोलीत चुळबुळ सुरू झाली. कारण मराठीत ‘सवलती’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते: आरक्षण. सवलत म्हणजे मागे राहिलेल्यांना मिळते ती, असं आपण गृहीत धरलं आहे. पुढे असलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलेल्या गोष्टीला सवलत म्हणायची आपल्या जिभेला सवयच नाही. आम्ही तोच शब्द ठेवला. गोरेपणाची सवलत. तुमच्या गटाने दुसरा निवडला तरी हरकत नाही, पण त्यावर वाद होऊ द्या.

तिसरं काम जरा अवघड आहे. कृष्णवर्णीय माणसांना आपण घरात कोणत्या शब्दांनी हाक मारतो ते कागदावर लिहा. खरे शब्द. जुन्या मराठी पुस्तकांतला ‘निग्रो’, त्याहून जुना ‘हबशी’, फोनवर आवाज खाली आणून म्हटला जाणारा ‘कल्लू’. इथे वाढलेली मुलं ही यादी तुमच्याआधी पूर्ण करतील. त्यांनी ती आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून ऐकलेली असते. मग एकच प्रश्न: शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मराठी कळत असतं तर यातला कोणता शब्द वापरला असता? आमच्याकडे ‘ब्लॅक’ आणि ‘कृष्णवर्णीय’ एवढे दोनच उरले. तेच खोलीत वापरायचे, असं ठरलं.

वाचायचं कसं

नियम एक आहे आणि गट टिकला तो त्यामुळे: बोलायचं असेल तर पानावरच्या एखाद्या ओळीवर बोट ठेवा. ‘मला वाटतं’ने सुरुवात नको, ‘इथे असं लिहिलंय’ने करा. पटलं नाही तरी चालेल, किंबहुना मग जास्तच बोट ठेवा. या विषयावर प्रत्येकाकडे मत तयार असतं आणि ते फोडणीसारखं तडतडतं. पान मधे असलं की बोलणं पानाशी होतं, शेजाऱ्याशी भांडण होत नाही.

म्हणून पानं छापून आणा, मोबाइलवर नकोत. एकाने एक परिच्छेद वाचायचा. अवघड इंग्रजी आलं की थांबून मराठीत सांगायचं. सांगताना अडलात तर समजा की कळलेलं नाही. हे माझ्याबाबतीत दर बैठकीला होतं. एकाने सूत्रधार व्हावं, दर महिन्याला वेगळ्याने. सूत्रधाराने घड्याळ बघावं आणि कमीत कमी बोलावं. डॉक्टर, प्राध्यापक आणि निवृत्त मॅनेजर यांना हे विशेष जड जातं.

काय वाचायचं

सुरुवातीला पेगी मॅकिन्टॉश यांचा १९८९ चा छोटा लेख घ्या. वेलस्ली कॉलेजातल्या या गोऱ्या बाईंनी आपल्याला रोजच्या जगण्यात आयतं काय मिळतं त्याची यादी केली. त्यांना अदृश्य पाठपिशवी सुचली: न मागता पाठीवर आलेली, आत सगळं सामान भरलेली. यादीतल्या गोष्टी किरकोळ वाटतात. ‘साहेबांना बोलवा’ म्हटलं की समोर येणारा बहुधा आपल्याच वंशाचा असेल. आपल्या सगळ्या समाजाच्या वतीने बोल, असं आपल्याला कुणी सांगणार नाही. ‘कातडीच्या रंगाची’ म्हणून विकली जाणारी पट्टी आपल्या कातडीशी जुळेल. (क्रेयोलाच्या रंगखडूंत ‘फ्लेश’ नावाची एक फिकट गुलाबी कांडी होती. १९६२ मध्ये तिचं नाव ‘पीच’ झालं.)

यातली दहाएक वाक्यं निवडा आणि प्रत्येकाला खुणा करू द्या: मला लागू, नाही, कधीकधी. मराठी गटात ‘कधीकधी’चा रकाना भरून वाहतो. त्यावरच बोला. कुठे लागू, कुठे नाही, कुणासमोर नाही. दवाखान्यात डॉक्टर आपल्यातला निघण्याची शक्यता बरीच असते, नगरपालिकेत कमी, रात्री रस्त्यावर पोलिसाने गाडी थांबवली तर?

त्या शेवटच्या प्रश्नासाठी जवळचंच उदाहरण आहे. न्यू जर्सी टर्नपाइक आपण सगळेच तुडवतो. १९९८ च्या एप्रिलमध्ये त्या रस्त्यावर राज्य पोलिसांनी एक व्हॅन अडवली आणि गोळ्या झाडल्या. आतले चार तरुण, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, बास्केटबॉलच्या शिबिराला निघाले होते. तिघे जखमी झाले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने मान्य केलं की गाड्या थांबवताना पोलीस वंश बघतात, आणि पुढची दहा वर्षं तिथले राज्य पोलीस केंद्राच्या देखरेखीखाली राहिले. आमच्यातल्या एका काकांना त्याच काळात वेगमर्यादा ओलांडल्याची दोन तिकिटं मिळाली होती. दोन्ही वेळा पोलिसाने ‘हॅव अ गुड डे, सर’ म्हटलं होतं. काकांनी हे स्वतःहून सांगितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

याच बैठकीत ‘पण गरीब गोरेही आहेतच की’ हा मुद्दा येणार. यायलाच हवा, बरोबर आहे तो. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांनी १९३५ मध्ये त्याचं उत्तर दिलं आहे. दक्षिणेतल्या गोऱ्या मजुराला पैसे तुटपुंजेच मिळत, पण त्यासोबत आणखी एक मोबदला मिळे: लोक मानाने हाक मारत, बागेत-शाळेत दार उघडं असे, पोलीस त्याच्यातलेच असत. या मोबदल्याला ते सार्वजनिक आणि मानसिक वेतन म्हणतात. म्हणजे गोरा गरीब नसतो असं नाही. तो ज्या गोष्टींमुळे गरीब आहे त्यांत त्याचा रंग नाही.

नकाशाची बैठक

सहा बैठकांतली एकच करायची असेल तर ही करा.

१९३० च्या दशकात घरकर्जांचं काम पाहणाऱ्या एचओएलसी या सरकारी संस्थेने अमेरिकेतल्या दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज द्यायला सर्वांत उत्तम वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी, आणि धोक्याची लाल. प्रत्येक वस्तीचा एक छापील तक्ता होता. त्यात घरांचं वय, लोकांचे धंदे यांच्या जोडीला ‘निग्रो’ असा एक रकाना होता, आणि ‘घुसखोरी’ कुणाची होते आहे त्याचाही. रिचमंड विद्यापीठाने हे नकाशे आणि तक्ते इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. न्यूअर्कचा नकाशा रंगीत छापून टेबलावर पसरा. आधी पाच मिनिटं सगळे आपल्या ओळखीची घरं शोधतील, शोधू द्या. मग एखाद्या लाल वस्तीचा तक्ता वाचा.

त्याच्या जोडीला हे ठेवा. १९३४ पासून एफएचए ही सरकारी संस्था घरकर्जांचा विमा उतरवत होती आणि मिश्र वस्त्या टाळत होती. १९४४ च्या जीआय कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना स्वस्त घरकर्ज मिळायला लागलं. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीच्या उपनगरांत या कायद्याखाली ६७,००० घरकर्जांना हमी मिळाली, त्यांतली गोरेतर माणसांची शंभरसुद्धा नव्हती. युद्ध दोघांनी लढलं. एकाला घर मिळालं, घराची किंमत वाढली, त्यावर मुलगा कॉलेजात गेला. दुसऱ्याने भाडं भरलं. घर विकताना-भाड्याने देताना वंश बघायला देशभर बंदी आली ती १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात.

आता आपल्याकडे या. न्यू जर्सीत शाळांचा मोठा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. महाग घरं, जास्त कर, चांगली शाळा; चांगली शाळा, म्हणून आणखी महाग घरं. आपण घर घेताना काय पाहिलं? शाळेचं रेटिंग. इथे सूत्रधाराने गप्प बसावं. ‘म्हणजे आपण सगळे दोषी’ असं म्हणायची काहीच गरज नसते. आमच्या गटातले एक गृहस्थ, जे तोवर सगळ्याला ‘हे जुनं झालं हो’ म्हणत होते, ते नकाशावर बोट ठेवून एवढंच म्हणाले, ‘मला वाटायचं, मी फक्त शाळा बघितली.’

एक शीख सैनिक आणि सर्वोच्च न्यायालय

चौथ्या बैठकीला सर्वोच्च न्यायालयाचा १९२३ चा निकाल वाचा. छोटा आहे, इंग्रजीही सोपं. भगतसिंग थिंड पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्वासाठी गोरं असणं लागतं, तर मी आर्य आहे, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरा, असा त्यांचा दावा. गंमत अशी की याच न्यायालयाने तीनच महिन्यांपूर्वी एका जपानी माणसाला ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ असं सांगून नागरिकत्व नाकारलं होतं. थिंड कॉकेशियन निघाले, तेव्हा त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. निकाल एकमताचा. आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व त्यानंतर काढून घेण्यात आलं. हे दार पुन्हा किलकिलं झालं १९४६ मध्ये.

इथवर सगळ्यांना राग येतो, आपल्या बाजूचा राग. मग दुसरं पान काढा: थिंड यांच्या वकिलांचा लेखी युक्तिवाद. त्यात म्हटलं आहे की उच्चवर्णीय हिंदू मूलनिवासींशी लग्नसंबंधाच्या बाबतीत तसाच वागतो, जसा अमेरिकन माणूस निग्रोशी वागतो. म्हणजे आम्हीही तुमच्याइतकेच सोवळे आहोत, म्हणून आम्हाला आत घ्या. दार चुकीचं आहे असं ते म्हणालेच नाहीत. फक्त आपल्यापुरतं उघडा म्हणाले. दोन पानं एकाच दिवशी वाचा, एक या महिन्यात आणि दुसरं पुढच्या असं करू नका. आमचं तसं झालं आणि महिनाभर सगळे नुसतेच दुखावलेले होते.

शेवटी १९६५. मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी चालणाऱ्यांवर लाठ्या पडल्या, ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला, आणि ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याखाली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. देशोदेशींचे जुने वंशवादी कोटे गेले. आपल्यापैकी बहुतेकांची या देशातली गोष्ट त्या सहीपासून सुरू होते. ती सही ज्यांच्या चळवळीमुळे शक्य झाली, त्यांना आपण काय काय म्हणतो ते पहिल्या बैठकीच्या कागदावर लिहिलेलं आहेच.

पाचव्या बैठकीला गुलामगिरीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं ५ जुलै १८५२ चं रॉचेस्टरमधलं भाषण घ्या. गुलामाला चार जुलैचं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचं काय, असा त्याचा विषय. अख्खं लांब आहे. मधली चार पानं पुरतात. ही पानं ज्याचा आवाज खणखणीत आहे त्याने वाचावीत. त्या दिवशी आम्ही फारशी चर्चा केली नाही.

गाडी कुठे घसरते

‘आम्ही आठ डॉलर खिशात घालून आलो होतो.’ हे वाक्य येणारच. त्या काळी भारतातून तेवढंच परकी चलन घेऊन निघता यायचं, त्यामुळे ते खरंही आहे. त्याला खोडू नका. काकांनी खरोखर हाल काढलेले असतात. फक्त विचारा, ‘काका, आठ डॉलरशिवाय बॅगेत काय काय होतं?’ सरकारी कॉलेजची जवळजवळ फुकट मिळालेली पदवी निघते. इंग्रजी निघतं. डॉक्टर-इंजिनिअरांना पुढे घेणारा कायदा निघतो. एकदा एका काकांनी बॅगेतून आणखी एक गोष्ट काढली: आधी आलेल्या मामांचा पत्ता.

‘आम्हालाही त्रास झालाच की.’ झालाच. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळीने कपाळावरच्या कुंकवावरून नाव घेऊन भारतीयांना मारहाण केली, धमकीचं पत्र वर्तमानपत्रात छापून आणलं. त्या काळात टिकली काढून बसमध्ये चढणाऱ्या बायका आज आपल्या गटात असू शकतात. त्यांना वेळ द्या, मधे बोलू नका. बोलणं संपलं की पानावर परत या. दुःखांची तुलना सुरू झाली की थांबवायचं काम सूत्रधाराचं.

‘ते लोक शिकतच नाहीत.’ यावर एकच उत्तर: कोणत्या ओळीत? बोट दाखवा.

कुणी रडलं तर पाणी द्या, पाच मिनिटं थांबा. कुणी उठून गेलं तर त्याच रात्री फोन करा, चर्चेसाठी नव्हे, नीट घरी पोचला का ते विचारायला.

आणि जात

मराठी गटात ती येते, यायला हवी. दीडशे वर्षांपूर्वीच पुण्यातल्या एका माणसाने हे दोन विषय शेजारी ठेवले आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या भल्या लोकांना, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. आंबेडकर १९१३ ते १९१६ हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी डुबॉइसना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे नेलेल्या अर्जाची प्रत मागवली, आणि डुबॉइसनी उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ते नाव ब्लॅक पँथरवरून. सहाव्या बैठकीला अर्पणपत्रिका आणि ती दोन पत्रं वाचा. तिन्ही मिळून तीन-चार पानं होतात.

दोन काळज्या घ्या. ‘आपल्याकडे जात आहे, मग गोऱ्यांना कशाला बोलायचं’ असं म्हणून जातीचा पळवाट म्हणून वापर होतो, तो ओळखा. आणि खोलीतल्या सगळ्यांची जात आपल्याला माहीत आहे असं धरून चालू नका. आडनावावरून कुणाकडे वळून ‘तुमचा अनुभव सांगा ना’ म्हणू नका. कृष्णवर्णीय सहकाऱ्याला लागू असलेला नियम इथेही तोच. आम्ही असं करतो: प्रत्येकाने मॅकिन्टॉशसारखी आपली यादी करायची, जातीमुळे आयतं काय मिळालं याची, किंवा काय हुकलं याची. वाचून दाखवायची नाही. घडी करून घरी न्यायची. कुणाला पुढच्या महिन्यात बोलावंसं वाटलं तर बोलायचं. आरक्षणावर वाद पेटला, तर भिंतीवरचा पहिल्या बैठकीचा कागद पुन्हा लावा, ‘सवलत’ लिहिलेला.

सातवी बैठक खोलीबाहेर

सहा महिन्यांनंतर गटाला ‘आता पुढे काय’ असं होतं. मोर्च्याला जाणारे जातील. आमच्याकडे मात्र नगरपालिकेच्या नियोजन मंडळाच्या सभेला जायचं ठरलं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल खटल्यात १९७५ मध्ये, आणि पुन्हा १९८३ मध्ये सांगितलं की गावांनी परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायलाच हवा. तो खटला लढवला होता स्थानिक कृष्णवर्णीयांच्या संघटनेने. तेव्हापासून गावोगावी नवी अपार्टमेंट आली की सभा भरते, आणि माइकसमोर रांग लागते: वाहतूक वाढेल, शाळांवर ताण येईल, गावाचं स्वरूप बदलेल. त्या रांगेत हल्ली आपली माणसं बरीच असतात.

जाण्याआधी सभेची विषयपत्रिका वाचा, ती नगरपालिकेच्या संकेतस्थळावर असते. पहिल्या वेळी फक्त ऐका. ऐकलेलं एकेक वाक्य वहीत लिहा आणि घरी येऊन नकाशाच्या तक्त्याशेजारी ठेवा. बोलायचं असेल तर नाव नोंदवावं लागतं आणि मिनिटं ठरलेली असतात, म्हणून लिहून न्या.

आमच्यातले दोघे बोलले. एक घरांच्या बाजूने, एक विरोधात. विरोधात बोलले ते नकाशावर बोट ठेवणारे गृहस्थच होते. एकाच गाडीतून आलो होतो, एकाच गाडीतून परतलो. अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, पुढच्या महिन्याची पानं कुणाकडे आहेत, आणि या वेळी छापून मीच आणतो म्हणाले.